इमानाचे कुलूप

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात विंचूर नावाचे मोठे गाव आहे. लासलगावच्या बाजार समितीचा एक उपबाजार या गावी आहे. मोसमात येथे कांद्याचे लिलाव चालतात, गाड्या भरतात आणि पैशांची मोठी देवघेव होते. संध्याकाळ झाली की दुकानांची दारे बंद होतात. दुकानदार दाराला कुलूप घालतो, ते एकदोनदा ओढून पाहतो आणि निर्धास्त मनाने घरी जातो. दिवसभर ज्या मालाकडे तो डोळ्यांत तेल घालून पाहतो, तो माल रात्री एका मूठभर लोखंडाच्या तुकड्यावर सोपवतो. विंचूरमध्येच नव्हे, तर गावोगावी आणि शहरोशहरी हेच घडते. कुलूप म्हणजे एक प्रकारचा भरवसाच आहे.

पण हा भरवसा खरा आहे की खोटा, हे कोण तपासून पाहतो? कुलूप बाहेरून चकचकीत दिसते. त्याच्या पोटात काय आहे, ते आपल्याला दिसत नाही. कुलपाच्या पोटात काय असावे, याचा ध्यास घेऊन ज्यांनी आयुष्य वेचले, त्या अर्देशीर गोदरेज यांची ही हकिकत आहे. त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे याच नाशिकच्या परिसरात गेली.

अर्देशीर यांचा जन्म २६ मार्च १८६८ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव बर्जोरजी. अर्देशीर भावंडांत थोरले होते. घरची स्थिती चांगली होती. मुलगा शिकून मोठा वकील व्हावा अशी घरच्यांची इच्छा होती. १८९० मध्ये त्यांचा विवाह झाला. पण दुसऱ्याच वर्षी त्यांच्या पत्नीचा दुर्दैवी मृत्यू झाला. या आघाताने ते फार खचले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. अभ्यास आणि काम यांतच त्यांनी आपले दुःख बुडवून टाकले.

कायद्याचे शिक्षण संपवून अर्देशीर वकील झाले. १८९४ मध्ये एका अशिलाचा खटला चालवण्यासाठी ते पूर्व आफ्रिकेतील झांझिबार बेटावर गेले. खटला चांगला चालला होता. परंतु पुढे त्यांच्या लक्षात आले, की खटला जिंकायचा तर सत्याला थोडे वाकवावे लागेल. वकिलीच्या धंद्यात एवढे तेवढे चालतेच, असे अनेकांनी समजावले. अर्देशीर यांना ते पटले नाही. जे खरे नाही ते खरे म्हणून सांगण्यास त्यांनी साफ नकार दिला. ते मुंबईला परत आले आणि त्यांनी वकिली कायमची सोडली. त्या वेळी त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते. हाती दुसरा धंदा नव्हता. परंतु इमान शाबूत होते.

मुंबईत ते एका औषधाच्या दुकानात काम करू लागले. तेथे त्यांना शस्त्रक्रियेची हत्यारे पाहायला मिळाली. चाकू, कात्र्या, चिमटे ही सर्व हत्यारे विलायतेहून येत. अशी हत्यारे आपल्या देशात का तयार होऊ नयेत, असे त्यांना वाटले. त्यांच्या वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांनी त्यांना तीन हजार रुपये कर्ज दिले. अर्देशीर यांनी कसून काम केले आणि उत्तम हत्यारे तयार केली. ज्या इंग्रज व्यापाऱ्याकडे ती विकायची होती, त्यालाही ती पसंत पडली. मात्र माल हिंदुस्थानात तयार झाला आहे, असे त्यावर लिहिण्यास तो तयार नव्हता. देशी माल कोणी घेणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. आपल्या मेहनतीवर परक्याचे नाव घालणे म्हणजे पुन्हा खोटेच बोलणे होते. अर्देशीर यांनी सौदा मोडला. धंदा बुडाला.

दोन वेळा सत्यासाठी नुकसान सोसलेला हा तरुण एके दिवशी वर्तमानपत्र वाचत होता. मुंबईत घरफोड्या वाढल्या असून लोकांनी आपली घरे अधिक नीट बंद करावीत, अशी बातमी त्यात होती. अर्देशीर विचार करू लागले. घर बंद करायचे ते कुलपाने. मग चोर घरात शिरतो तरी कसा? याचा अर्थ, कुलूपच कच्चे आहे. त्यांनी पुन्हा मेरवानजी कामा यांची भेट घेतली. पहिला धंदा बुडाला असूनही कामा यांनी त्यांच्यावर विश्वास टाकला. ७ मे १८९७ रोजी मुंबईच्या लालबाग भागात, गॅस कंपनीशेजारच्या एका लहानशा शेडमध्ये, मूठभर कारागीर घेऊन अर्देशीर यांनी कुलपांचा कारखाना सुरू केला.

कुलूप ही काही नवी वस्तू नव्हती. माणसाने लाकडी कुलपे हजारो वर्षांपूर्वी केली. अल-जझरी नावाच्या थोर कारागिराने १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या अरबी ग्रंथात तर चावी नसलेल्या कुलपाचे वर्णन आहे. त्या पेटीवर चार चकत्या होत्या. चारही चकत्यांवरील खुणा नेमक्या जागी आल्या, तरच पेटी उघडे. आपल्या देशात अलीगढची कुलपे प्रसिद्ध होती. परंतु बाजारातील पुष्कळशी स्वस्त कुलपे फार साधी असत. थोडासा सराव असलेला माणूस वाकडी तार घालून ती सहज उघडी. चांगली कुलपे विलायतेहून येत आणि ती महाग पडत.

अर्देशीर यांनी कुलपाच्या पोटात काय घडते, याचा बारकाईने अभ्यास केला. चांगल्या कुलपात धातूच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यांना लिव्हर म्हणतात. प्रत्येक पट्टीला एक खाच असते. चावी फिरवली, की चावीचे दात या पट्ट्या वर उचलतात. प्रत्येक पट्टीची उंची वेगळी असते. सर्व खाचा एका रेषेत आल्या म्हणजे अडसराला वाट मिळते आणि कुलूप उघडते. एखादी पट्टी केसभर कमी किंवा केसभर जास्त उचलली गेली, तरी अडसर जागचा हलत नाही.

मग असे कुलूप चावीशिवाय कोणी उघडू शकतो का? उघडू शकतो, आणि त्याचे कारण मोठे मजेशीर आहे. माणसाच्या हातून घडलेल्या दोन वस्तू कधीच अगदी सारख्या नसतात. कुलपावर हलका दाब दिला, की सगळ्या पट्ट्यांपैकी एखादी आधी अडते. तरबेज माणसाच्या बोटांना ते कळते. तो एकेक पट्टी चाचपत, हळूहळू जागेवर आणतो. म्हणजे कारागिराने जेथे हयगय केली, तेथेच कुलूप उघडणाऱ्याला वाट सापडते. काम जितके अचूक, तितके कुलूप पक्के. ही गोष्ट अर्देशीर यांनी नीट ओळखली होती. म्हणूनच त्यांच्या कारखान्यात मोजमापाला फार महत्त्व होते.

कुलूप उघडण्याच्या या विद्येची एक हकिकत जगभर गाजली. ती अर्देशीर यांच्या जन्माच्याही आधीची आहे. लंडनमध्ये ब्रामा नावाच्या कारागिराच्या दुकानात एक कुलूप मांडलेले असे. जो ते चावीशिवाय उघडील त्याला दोनशे गिनी इनाम मिळेल, असे तेथे जाहीर केले होते. सुमारे साठ वर्षे ते कुलूप कोणालाही उघडता आले नाही. चब नावाच्या दुसऱ्या कारखान्याचे कुलूपही असेच अजिंक्य मानले जाई. १८५१ मध्ये लंडनला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. अमेरिकेतून हॉब्ज नावाचा कुलूपतज्ज्ञ तेथे आला. त्याने पंचांसमोर चबचे कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडले. नंतर तो ब्रामाच्या कुलपामागे लागला. सोळा दिवसांच्या मुदतीत एकूण ५१ तास खपून त्याने तेही उघडले आणि इनाम मिळवले.

या घटनेने इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. कुलपांचे दोष असे उघड केल्याने चोरांचेच फावेल, असे काही लोक म्हणू लागले. त्यावर जाणकारांनी उत्तर दिले, की चोरांना हे दोष आधीच ठाऊक असतात. ठाऊक नसतात ते फक्त भल्या माणसांना. दोष लपवला तर तो तसाच राहतो. दोष कळला तर तो सुधारता येतो. झालेही तसेच. कुलूप करणाऱ्यांनी आपली कुलपे सुधारली आणि पूर्वीपेक्षा पक्की कुलपे बाजारात आली.

तेव्हापासून कुलूप उघडणे हा अनेकांचा छंदही बनला. आजही काही देशांत अशा छंदी लोकांची मंडळे आहेत आणि त्यांच्या शर्यती होतात. रिचर्ड फाइनमन या थोर अमेरिकन शास्त्रज्ञालाही हा छंद होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, अणुबाँबचे गुप्त काम जेथे चालले होते तेथे ते नोकरीस होते. गुप्त कागदांची कपाटे किती सहज उघडतात, हे ते सोबत्यांना दाखवून देत. त्यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींवरून दिसते, की अधिकाऱ्यांनी कपाटे सुधारण्याऐवजी फाइनमन यांच्यापासूनच सावध राहण्याचा हुकूम काढला! कुलपाचा दोष दाखवणाऱ्यालाच दोषी ठरवण्याची ही खोड जुनी आहे. अर्थात या छंदाचा एक नियम आहे. कुलूप आपले असावे, नाही तर मालकाची परवानगी असावी. या नियमाबाहेर पाऊल पडले, की तो छंद राहत नाही, ती चोरी होते.

अर्देशीर यांनी आपल्या कुलपांकडे चोराच्या नजरेने पाहिले. आपले कुलूप कोठे फसेल, हा प्रश्न ते स्वतःलाच विचारत. त्यांच्या पहिल्या कुलपांवर अँकर, म्हणजे नांगर, अशी छाप होती. प्रत्येक कुलपाची चावी निराळी असे आणि दुसऱ्या चावीने ते उघडणार नाही, अशी हमी दिली जाई. पुढे त्यांनी एक नवलाचे कुलूप बनवले. त्याला दोन चाव्या असत. त्यांपैकी एका चावीने कुलपाची आतली रचनाच बदलता येई आणि मग दुसरी चावी निकामी होई. नोकराजवळची चावी हरवली किंवा कोणी तिची नक्कल केली, तरी मालकाला भिण्याचे कारण उरत नसे. परक्या चावीने उघडण्याचा प्रयत्न झाला, तर मालकाला ते कळावे, असेही एक कुलूप त्यांनी केले.

कुलपातील स्प्रिंग हाही त्यांच्या चिंतेचा विषय होता. मुंबईची हवा दमट आणि खारी. अशा हवेत लोखंड लवकर गंजते. स्प्रिंग गंजली किंवा तुटली, की उत्तम कुलूपही कुचकामी होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अर्देशीर यांनी स्प्रिंग नसलेले कुलूप तयार केले आणि त्याचे पेटंट घेतले. आपल्या हवेला मानवेल अशी वस्तू आपणच करायला हवी, हे त्यांनी या कामातून दाखवून दिले.

तरीही एक प्रश्न बाकी होता. कुलूप पक्के आहे, पण पेटी कच्ची असेल तर? चोर कुलपाला हातच लावणार नाही. तो पेटी फोडील. ही गोष्ट नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांच्या उदाहरणाने चांगली समजते. रेल्वे स्थानकांवर वजन सांगणारी यंत्रे असत. नाणे टाकले, की वजन छापलेले तिकीट बाहेर पडे. पुढे रुपयाच्या नाण्यावर चालणारे टेलिफोनही आले. अशा यंत्रातील नाण्यांच्या पेटीला कुलूप असते. परंतु जुनी यंत्रे नाणे ओळखत ती केवळ त्याच्या आकारावरून आणि वजनावरून. यंत्राला डोळे नव्हते. त्यामुळे अनेक देशांत लोकांनी नाण्याएवढ्या लोखंडी चकत्या टाकून यंत्रांना फसवले. यंत्र बनवणाऱ्यांनी मग आत लोहचुंबक बसवला. खोटी लोखंडी चकती त्याला चिकटू लागली आणि चोरी पकडली जाऊ लागली. कुलूप दाराशी पहारा देत होते आणि ठकबाज नाण्याच्या फटीतून आत शिरत होता! साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच असते, हे यावरून लक्षात येते.

अर्देशीर यांनी हे ओळखले आणि कुलपांच्या जोडीला तिजोऱ्या तयार करण्याचे ठरवले. १९०२ मध्ये त्यांची पहिली तिजोरी बाजारात आली. तिजोरीला केवळ चोराचे भय नसते, आगीचेही असते. म्हणून चोराने फोडू नये आणि आगीने जळू नये, अशी तिजोरी करण्यासाठी त्यांनी पुष्कळ प्रयोग केले. सांधे जितके कमी, तितकी तिजोरी मजबूत, हे त्यांचे सूत्र होते. १९०६ मध्ये त्यांचे धाकटे बंधू पिरोजशा धंद्यात आले. अर्देशीर नव्या वस्तू शोधून काढत आणि पिरोजशा कारखाना वाढवत. याच सुमारास मेरवानजी कामा यांचे नातेवाईक बॉईस भागीदार झाले. ते लवकरच धंदा सोडून गेले, पण कंपनीच्या नावात त्यांचे नाव कायम राहिले.

त्या काळात देशात स्वदेशीची चळवळ जोरात होती. अर्देशीर यांचे देशावर फार प्रेम होते. १९२१ मध्ये त्यांनी टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती. मात्र स्वदेशीविषयी त्यांचे मत थोडे निराळे होते. माल देशी आहे, एवढ्याच कारणाने लोकांनी तो घ्यावा, हे त्यांना मान्य नव्हते. देशी माल विलायती मालाच्या तोडीस तोड असला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. कच्चे कुलूप देशाच्या नावाने विकणे, ही त्यांना गिऱ्हाइकाची आणि देशाचीही फसवणूक वाटे.

कुलूप आणि तिजोरी यांवरच ते थांबले नाहीत. त्या काळी साबणात प्राण्यांची चरबी वापरत. अनेकांना ती चालत नसे. अर्देशीर यांनी वनस्पती तेलापासून साबण तयार केला. १९१८ मध्ये बाजारात आलेल्या त्यांच्या साबणाचे नाव होते चावी! कुलुपे करणाऱ्या माणसाच्या साबणाला हे नाव फार शोभले.

१९२८ मध्ये अर्देशीर यांनी सगळा कारभार पिरोजशांच्या हाती सोपवला आणि ते नाशिकला आले. वय साठ झाले होते. आता शेती करावी, असे त्यांच्या मनाने घेतले. मात्र शेतीत त्यांना कारखान्यासारखे यश आले नाही. कुलपाचे मोजमाप माणसाच्या हाती असते, पावसापाण्याचे नसते. १९३६ च्या जानेवारी महिन्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाची खरी परीक्षा त्यांच्या मृत्यूनंतर झाली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा भीषण स्फोट झाला. आगीचे लोळ उठले, इमारती कोसळल्या, शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. ढिगाऱ्यांतून गोदरेजच्या तिजोऱ्या बाहेर काढल्या, तेव्हा त्यांच्या आतील चीजवस्तू सुरक्षित असल्याचे आढळले.

त्याहून मोठी परीक्षा पुढे होती. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. मतदार सुमारे १७ कोटी होते. त्या वेळी प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी मतपेटी ठेवावी लागे. त्यामुळे लाखो पोलादी पेट्या हव्या होत्या. मुंबईजवळच्या विक्रोळी येथील गोदरेजच्या कारखान्याने काही महिन्यांत बारा लाखांहून अधिक मतपेट्या तयार केल्या. बाहेरून कुलूप लावले असते तर खर्च वाढला असता. म्हणून कुलूप पेटीच्या आतच बसवण्याची युक्ती काढण्यात आली. त्या पेट्यांत सोने नव्हते की पैसा नव्हता. शेतकरी, मजूर, कारागीर, पुरुष आणि स्त्रिया यांनी आयुष्यात पहिल्यांदा दिलेली मते त्यांत होती. पेटीला कोणी हात लावला नाही, असा भरवसा लोकांना वाटला, म्हणूनच निकाल सर्वांनी मान्य केला.

आज बटणे दाबून, बोटाचा ठसा दाखवून उघडणारी कुलुपेही निघाली आहेत. त्यांचेही दोष शोधणारे लोक आहेत, आणि ते हवेतच. कुलूप बदलले तरी ते करणाऱ्याचे कर्तव्य बदलत नाही. कुलूप विकत घेणारा त्याचे पोट उघडून पाहत नाही. तो करणाऱ्याच्या इमानावर विसंबतो. ज्या तरुणाने झांझिबारला खोटे बोलण्यास नकार दिला आणि आपल्या हत्यारांवर परक्याचे नाव घालू दिले नाही, त्याच्याच हातून पक्के कुलूप घडले, यात नवल ते काय?